बिल्ड अपलोड झाला, पण टेस्टरला दिसेना

प्रश्न : आमची छोटी टीम आहे, अ‍ॅप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर आहे. दर आठवड्याला क्लायंटला टेस्टिंगसाठी नवीन बिल्ड, म्हणजे अ‍ॅपची ताजी तयार प्रत, द्यायचा असतो आणि दर वेळी तोच वैताग, बिल्ड टाकून होतो, सगळे फोन हातात घेऊन बसतात आणि बिल्ड काही येत नाही. कधी स्टोअरच्या सर्व्हरवरचं प्रोसेसिंगच संपत नाही, कधी रिव्ह्यूत, म्हणजे स्टोअरच्या तपासणीत, अडकतो, कधी आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय तरी क्लायंटच्या फोनवर जुनंच व्हर्जन. क्लायंटला वाटतं आम्ही कामच केलं नाही. परत परत अपलोड करून काही फायदा होतो का? लवकर जावा म्हणून काय करता येईल?

उत्तर : तुमचा त्रास अगदी खरा आहे, काम करून ठेवायचं आणि मग दुसऱ्याच्या सर्व्हरकडे बघत बसायचं यासारखं चिडवणारं दुसरं काही नाही. पण आधी घोडं नेमकं कुठं अडलंय ते बघा, कारण अपलोड, प्रोसेसिंग, रिव्ह्यू आणि टेस्टरच्या फोनपर्यंत पोचणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे आणि आपण सगळ्यालाच 'अडकलंय' म्हणतो.

आयफोनपासून सुरू करते. प्रोसेसिंग बऱ्याचदा थोड्या वेळात उरकतं, कधी तास जातात, तिथं आपल्या हातात फार काही नसतं. तोच बिल्ड नंबर ठेवून परत टाकायला गेलात तर तो घेतलाच जात नाही. म्हणून आधी अ‍ॅपलचं डेव्हलपर सिस्टिम स्टेटसचं पान बघा, तिथं गडबड दिसली तर शांत बसा, काही नसेल आणि बरेच तास झाले असतील तर बिल्ड नंबर एकनं वाढवून एकदाच नवीन टाका. २४ तास उलटले तरी प्रोसेसिंगच दिसत असेल तर सपोर्टला लिहा.

आणि बिल्ड यादीतून गायबच झाला असेल तर मेल उघडा! कॅमेरा किंवा लोकेशन कशासाठी हवंय ते वाक्य इन्फो-प्लिस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती ठेवणारी फाइल) लिहायचं राहिलं की बिल्ड नाकारला जातो आणि कारण मेलवर येतं, पण अपलोड ऑटोमॅटिक सिस्टिमच्या अकाउंटवरून होत असेल तर तो मेल कुणी उघडतच नाही आणि टीम दिवसभर वाट बघत राहते. ते मेल दोघांतिघांना तरी जातील असं करा.

दुसरी नेहमीची अडचण एन्क्रिप्शनची, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवण्याची. प्रोसेसिंग संपतं आणि बिल्डपुढे पिवळं चिन्ह येऊन 'मिसिंग कंप्लायन्स' दिसतं, म्हणजे कुणीतरी लॉगिन करून प्रश्नाचं उत्तर देईपर्यंत बिल्ड तिथंच पडून. तुमचं अ‍ॅप फक्त साधं एचटीटीपीएस (वेबसाइटचं नेहमीचं सुरक्षित कनेक्शन) वापरत असेल तर इन्फो-प्लिस्टमध्ये 'अ‍ॅप युझेस नॉन-एक्झेम्प्ट एन्क्रिप्शन' ही की घालून तिची किंमत 'नो' ठेवा, मग दर बिल्डला ते विचारत नाहीत. स्वतःचं काही एन्क्रिप्शन असेल तर मात्र नीट वाचून मगच उत्तर द्या.

आता रिव्ह्यू, आणि माझ्या मते तुमचा खरा वेळ इथंच वाचणार आहे. टेस्टफ्लाइटमध्ये, म्हणजे अ‍ॅपलच्या टेस्टिंगच्या सोयीत, टेस्टर दोन प्रकारचे. इंटरनल म्हणजे तुमच्या अ‍ॅप स्टोअर कनेक्टच्या (अ‍ॅपलची अ‍ॅप सांभाळायची साइट) टीममधले लोक, १०० पर्यंत, त्यांना रिव्ह्यू लागत नाही, प्रोसेसिंग झालं की बिल्ड मिळतो. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचे, १०,००० पर्यंत, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक व्हर्जनचा पहिला बिल्ड बीटा रिव्ह्यूतून जावा लागतो. त्याच व्हर्जनच्या पुढच्या बिल्डांना बहुतेक वेळा पूर्ण रिव्ह्यू लागत नाही. बऱ्याच टीम दर आठवड्याला १.४, १.५, १.६ असा व्हर्जन नंबरच वाढवत जातात आणि दर वेळी स्वतःहून रांगेत जाऊन उभ्या राहतात. व्हर्जन एकच ठेवा, बिल्ड नंबर तेवढा वाढवा. आणि नवीन व्हर्जन सुरू करतानाच, फीचर अर्धं असलं तरी, चालणारा एखादा बिल्ड एक्स्टर्नल रिव्ह्यूला टाकून ठेवा, म्हणजे क्लायंटला दाखवायच्या दिवशी जीव टांगणीला लागत नाही.

रिव्ह्यूला देताना लॉगिनची माहिती नीट द्या हे परत परत सांगावंसं वाटतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये ओटीपीनं लॉगिन असेल तर रिव्ह्यू करणाऱ्याकडे तुमचा फोन नसतो, ओटीपी तुमच्याकडे येतो, रिव्ह्यू करणारा बाहेरच थांबतो आणि बिल्ड परत येतो. एक टेस्ट नंबर आणि त्याला ठरलेला ओटीपी सर्व्हरवर करून ठेवा, आणि तो सर्व्हर रात्री बंद होत नाही ना तेही बघा. आणखी एक, एक्सकोडमधून (अ‍ॅपलचं अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) पाठवताना 'इंटरनल ओन्ली' निवडलं असेल तर तो बिल्ड एक्स्टर्नल ग्रुपला देताच येत नाही, नवीनच टाकावा लागतो.

अँड्रॉइडवर 'सगळं हिरवं तरी जुनंच' याची कारणं वेगळी. प्ले कन्सोलमध्ये (गुगलची अ‍ॅप सांभाळायची साइट) 'पब्लिशिंग ओव्हरव्ह्यू' उघडा, पुष्कळदा बदल सेव्ह झालेले असतात पण रिव्ह्यूला पाठवलेलेच नसतात. किंवा 'मॅनेज्ड पब्लिशिंग' चालू असतं, म्हणजे मंजुरी मिळते पण कुणीतरी पब्लिश दाबेपर्यंत बिल्ड बाहेर जात नाही. तेही ठीक असेल तर क्लायंटनं कुठल्या गुगल अकाउंटनं टेस्टिंगची लिंक स्वीकारली ते विचारा, फोनमधल्या प्ले स्टोअरला दुसरंच अकाउंट असेल तर त्याला टेस्टचा बिल्ड दिसणारच नाही. रोजच्या कामाला इंटरनल टेस्टिंग ट्रॅक वापरा, १०० टेस्टर चालतात आणि बिल्ड साधारण काही मिनिटांत पोचतो, पहिल्यांदा मात्र लिंक चालू व्हायला काही तास लागू शकतात. नुसतं 'हे बटण आता बरोबर दिसतंय का' एवढंच विचारायचं असेल तर 'इंटरनल अ‍ॅप शेअरिंग' बघा, लगेच लिंक मिळते, व्हर्जन कोडही (अँड्रॉइडचा बिल्ड नंबर) वाढवावा लागत नाही.

क्लायंटसाठी एकच करा, बिल्ड 'दिला' आणि बिल्ड 'पोचला' असे दोन वेगळे मेसेज पाठवा. मधला वेळ कुणाच्या हातात आहे हे त्यांना पहिल्यापासून कळलं तर संशयाला जागा राहत नाही.

प्रश्न : मी एकटाच अ‍ॅप करतोय, प्ले स्टोअरचं अकाउंट नवीन काढलंय. इंटरनल टेस्टिंग करून झालं, तरी अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करता येत नाही. हे का?

उत्तर : १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या पर्सनल अकाउंटना आधी क्लोज्ड टेस्ट (निवडक लोकांपुरती चाचणी, इंटरनलहून वेगळी) करावीच लागते, त्यात किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस सामील असावे लागतात. आधी हा आकडा २० होता. इंटरनल टेस्टिंगमधले लोक यात धरत नाहीत, म्हणून तुमचं अडलंय. १२ मोजून घेऊ नका, थोडे जास्तच घ्या, कारण मधेच कुणी बाहेर पडलं आणि आकडा १२ च्या खाली गेला की सलग दिवसांचं गणित बिघडतं. टेस्टर काय म्हणाले आणि तुम्ही काय बदललं ते रोज लिहून ठेवा, नंतर प्रॉडक्शनसाठी, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं करायला, अर्ज करताना हेच विचारतात. अ‍ॅप अजून पूर्ण व्हायचंय म्हणून थांबू नका, मुख्य काम चालत असेल तर क्लोज्ड टेस्ट आजच सुरू करा, उरलेलं काम त्या १४ दिवसांतच करता येईल.