टाकी मोठी केली तर तापमान उतरेल का?

प्रश्न: मी घरीच कॉम्प्युटरसाठी वॉटर कूलिंग केलंय. प्रोसेसरवर बसवलेला, आतून पाणी वाहणारा तांब्याचा ब्लॉक, गाडीच्या हीटरमधला अॅल्युमिनियमचा रेडिएटर, दोन पंखे आणि 3 लिटरची टाकी. खोलीत 26 अंश असताना प्रोसेसर निवांत 33 वर असतो. व्हिडिओ रेंडर लावला की दोन-तीन सेकंदांत 57, मग पाऊण तास रेंगाळत 69. काम थांबलं की लगेच 45, पण 33 वर यायला पुन्हा पाऊण तास. 8 लिटरची टाकी लावू का? आणि पंप हळू केला तर पाण्याला निवायला जास्त वेळ मिळेल ना?

उत्तर: टाकीचा खर्च वाचवा. हा धडा मी बादलीभर पाणी वापरून शिकलोय. पहिला तासभर आकडे इतके झकास होते की दोन मित्रांना फोन करून सांगितलं. रेंडर रात्रभर चालू ठेवला आणि सकाळी पाहतो तर प्रोसेसर थेट जुन्या छोट्या टाकीच्या आकड्यावर!

तुमच्या आकड्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 33 वरून 57 ही 24 अंशांची उडी चिप आणि पाणी यांच्यामधली: थर्मल पेस्ट (चिप आणि ब्लॉकमधली फट भरणारा लेप), ब्लॉकचा तळ, त्याची पकड. तिथे वस्तुमान नगण्य, म्हणून उडी क्षणात, आणि उतारही तसाच. 69 चे 45 झाले, ते हेच 24. उरलेले 12 अंश म्हणजे पाणी स्वतः तापणं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4,200 ज्यूल लागतात. रेंडरमुळे 160 वॉटची भर पडते असं धरलं, तर 3 लिटर पाणी सुरुवातीला मिनिटाला पाऊण अंशाने चढतं. पाणी खोलीपेक्षा जसं गरम होतं, तसा रेडिएटरही जास्त उष्णता फेकतो. आवक-जावक जुळली की काटा थांबतो. कुठे थांबायचं हे रेडिएटर आणि पंखे ठरवतात. टाकी फक्त कधी ते ठरवते. 8 लिटरमध्येही 69 च येणार, दोन तासांनी.

पंपाचं म्हणाल, तर पाणी गोल फिरतंय. रेडिएटरमध्ये जास्त वेळ थांबलं तर ब्लॉकमध्येही तितकंच जास्त तापणार. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर आधीचे धरून एकूण 180 वॉटला ब्लॉकमधून जाताना पाणी जेमतेम अडीच अंशांनी तापतं. पाव लिटरवर आणलं तर दहा. रेंडर चालू असताना नळी क्षणभर चिमटीत दाबून बघा, आकडा डोळ्यांदेखत वर जाईल. (लगेच सोडा हं!)

म्हणून 12 कमी करायचे तर रेडिएटरची धूळ झाडा, त्याला खोलीतली ताजी हवा ओढू द्या, नाहीतर मोठा रेडिएटर घ्या. 24 कमी करायचे तर ब्लॉक उघडून पेस्ट नव्याने लावा आणि स्क्रू तिरपे-समोरासमोर थोडे थोडे आवळा. खरं तर 69 ला घाबरायचं कारण नाही. आजचे बरेच प्रोसेसर 95-100 च्या आसपास स्वतःच वेग कमी करतात.

मला काळजी वेगळीच वाटते, जे तुम्ही विचारलंच नाहीत. तांबं आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात! अॅल्युमिनियम झिजून पांढरा गाळ सुटतो आणि ब्लॉकमधल्या केसाएवढ्या फटींत जाऊन बसतो. मग ते 24 हळूहळू 30 कडे सरकतात आणि आपण उगाच पेस्टला दोष देत बसतो. टाकीसाठी ठेवलेल्या पैशांत तांब्या-पितळेचा रेडिएटर बघा.