वाचकांचे प्रश्न : लग्न नेमके कधी लागते?

प्रश्न : लग्नासाठी कायद्याला ‘सेरेमनी’ लागते, असे ऐकले. आम्ही हॉलमध्ये एकमेकांना हार घालून जेवण ठेवणार आणि मग नोंदणी करणार आहोत. एवढे चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी कायदा ठरवा. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) कलम ७ मध्ये हा शब्द येतो, पण त्याचा अर्थ हॉल, बँड आणि पंगत असा नाही. वधू किंवा वर, दोघांपैकी कुणा एकाच्या रूढीतले विधी असा तो आहे. त्या रूढीत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण होतो. बौद्ध विवाहात सप्तपदी नसते, तिथे त्यांच्या रूढीतले विधी पुरेसे असतात.

हे निव्वळ शब्दांचे खेळ नाहीत. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दुसरे लग्न केल्याचा आरोप असलेला नवरा १९६५ साली सर्वोच्च न्यायालयातून सुटला. ते लग्न ‘गांधर्व’ पद्धतीने लागले होते. होम आणि सप्तपदी झालीच नव्हती, आणि त्यांच्याशिवाय लग्न लावण्याची रूढीही सिद्ध झाली नाही. म्हणून कायद्याच्या दृष्टीने दुसरे लग्न लागलेच नव्हते! एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने उलट बाजूही स्पष्ट केली : विधी झालेले नसतील, तर नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह वैध होत नाही.

आपल्याकडे घोटाळा होतो तो अक्षतांपाशी. मुहूर्त मंगलाष्टकांचा, गर्दी मंगलाष्टकांना. अंतरपाट दूर झाला, हार घातले की पाहुणे पानावर बसतात, पाठोपाठ फोटोग्राफरही. लाजाहोम आणि सप्तपदी गुरुजी, आईवडील आणि दोन-चार मावश्या यांच्यासमोर उरकतात. पुढे वाद झालाच, तर पुरावा नेमका त्याच भागाचा हवा असतो. तेव्हा तांदळाच्या सातही राशींवरून पावले पडेपर्यंत कॅमेरा तिथेच ठेवा, आणि नोंदणीला साक्षीला येणाऱ्या तिघांना जेवायला थोडे उशिरा बसवा.

विधी नकोच असतील, तर विशेष विवाह कायदा (१९५४) घ्या. दोघांपैकी एकाचे किमान ३० दिवस वास्तव्य असलेल्या जिल्ह्यात नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचे आणि नोटिसीपासून तीन महिन्यांच्या आत, अधिकारी व तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे ठरलेले वाक्य म्हणायचे. हॉलमधले हार त्यानंतर हौसेने घाला.

प्रश्न : पत्रिकेत ‘विवाह समारंभ’ छापावे की ‘विवाह सोहळा’?
– एक वाचक, पुणे

उत्तर : काहीही छापा, कायद्याला फरक पडत नाही. ‘सोहळा’ जरा थाटाचा, इतकेच. जपायची ती तारीख आणि नावे. नोंदणीच्या वेळी पत्रिका जोडायला सांगतात, पत्रिकेत ‘चि. बंटी’ आणि आधारवर दुसरेच नाव असले, की प्रतिज्ञापत्र करत बसावे लागते. विशेष विवाह कायद्याखाली लग्न आधीच झाले असेल, तर नंतरच्या जेवणाच्या पत्रिकेवर ‘शुभविवाह’ न छापता ‘स्वागत समारंभ’ छापा. नाहीतर व्हिसाच्या कागदांत लग्नाच्या दोन तारखा दिसतात.

प्रश्न : विधी झाले, पण नोंदणी राहिली. लग्न रद्द होते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. महाराष्ट्रात नोंदणीची मुदत ९० दिवसांची आहे. ती टळली, तर जादा शुल्क भरून नोंदणी करता येते. स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर केलेले ‘लग्न’ मात्र दोन्ही कायद्यांत बसत नाही. त्याला कोर्ट मॅरेज म्हणून पैसे घेणारे पुष्कळ आहेत.