लोणी कढवून तूप करणं हा भौतिक बदल की रासायनिक?

दोन्ही. 'पूर्ववत होतो तो भौतिक' ही शाळेतली कसोटी मात्र इथे फसवते. नवा पदार्थ तयार झाला का, एवढंच पाहायचं.

सायीला विरजण लावलं की जिवाणू दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, लॅक्टिक आम्ल करतात. सामू (pH, आम्लतेचं माप) ४.६च्या आसपास उतरला की केसीन हे दुधातलं प्रथिन गोठतं. हा बदल रासायनिक. घुसळणं निव्वळ भौतिक: स्निग्धांशाच्या कणांवरचं पातळ आवरण फाटतं, कण एकमेकांना चिकटतात आणि गोळा येतो. ताकात लोणी कितीही कालवलं तरी साय परत मिळत नाही, पण नवा पदार्थही बनलेला नसतो. लोणी नीट येतं ते साधारण १५ ते २० अंशांना, कारण तेव्हा स्निग्धांश थोडा घट्ट, थोडा पातळ असतो. म्हणून तर उन्हाळ्यात बर्फाचं पाणी घालायचं आणि थंडीत कोमट. मे महिन्यात लोणी ताकावर नुसतं तेलकट पसरतं, ते याचमुळे.

आता कढवणं. लोणी दोन-तीन पाण्यांनी धुऊन जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. वितळणं भौतिक, पाण्याची वाफ होणंही भौतिक. विकतच्या लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, घरच्यात बहुधा जास्तच. ते उडेपर्यंत तापमान शंभरीच्या जरा वर अडकून राहतं आणि कडकड आवाज येतो. आवाज बसला की ते भराभर ११०-१२०वर चढतं आणि तळाची प्रथिनं व उरलेलं लॅक्टोज यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होते. बेरीचा तांबूस रंग आणि तो खमंग वास इथला, म्हणजे रासायनिक.

आवाज बसायच्या आत उतरवलंत तर पाणी राहतं, त्याने स्निग्धांश फुटून ब्युटिरिक आम्ल सुटतं आणि तूप वास मारतं. बेरी बदामी झाली की लगेच गाळा. गरम पातेल्यात ती गॅस बंद केल्यावरही भाजत राहते. धुण्यात कुचराई केली तर बेरी जास्त निघते आणि लवकर करपते.

तूप रवाळ होणं पुन्हा भौतिक. सावकाश निवलं तर स्फटिक मोठे होतात, फ्रीजमध्ये ढकललं तर बारीक राहून तूप गुळगुळीत होतं. वितळवून हळू निववलं की कणी परत येते. खवटपणाला हा उपाय चालत नाही: हवा आणि उजेडाने स्निग्धाम्लांचं ऑक्सिडीकरण झालेलं असतं. कल्हई उडालेल्या पितळेच्या डब्यात तर ते आणखी लवकर होतं, कारण तांबं त्याला वेग देतं.