ग्लूच्या टाकीत साय का धरते?

प्रश्न: नमस्कार सर, भोसरीत आमचं स्टिकर-लेबलचं छोटं युनिट आहे. टाकीतला हॉट मेल्ट ग्लू दुपारपर्यंत लालसर होतो, वर साय धरते आणि नोझल चोक होतं. सप्लायर म्हणतो साधा एसबीएसवाला (एसबीएस म्हणजे ग्लूमधलं रबरासारखं पॉलिमर) सोडा, पार्शली हायड्रोजनेटेड ग्रेडचा घ्या, पण तो बराच महाग पडतो. भाऊ डांबर प्लांटवर असतो, त्यालाही कोणीतरी हेच सांगितलंय. खरंच फरक पडतो का?

उत्तर: पडतो, पण आधी टाकीचं टेंपरेचर बघा. बऱ्याच ठिकाणी सकाळी लवकर वितळावं म्हणून कोणीतरी 190 वर नेऊन ठेवतं आणि मग खाली आणायचं राहून जातं. झाकण उघडं, जेवणाच्या सुट्टीतही हीटर फुल, असं असेल तर महागातला ग्लूही जळणारच.

आता कारण. एसबीएसमध्ये दोन्ही टोकांना स्टायरीन आणि मधे ब्युटाडाइनचं रबर. स्टायरीनचे गठ्ठे साधारण 100 डिग्रीपर्यंत घट्ट राहतात, त्याच्या वर सैल होतात, म्हणून हा माल थंड असताना रबर आणि गरम केला की पातळ. गोची मधल्या रबरात आहे, तिथे डबल बाँड खच्चून भरलेत, उष्णता आणि हवा मिळाली की ते एकमेकांना जोडले जातात आणि ग्लू घट्ट होत जेल होतो, तीच तुमची साय. (ग्लू घट्ट न होता पाणचट होत असेल तर तो बहुतेक एसआयएस आहे, म्हणजे मधे ब्युटाडाइनऐवजी आयसोप्रीनचं रबर, त्याच्या साखळ्या तुटतात.)

मधल्या रबरातले सगळे डबल बाँड हायड्रोजनने भरले की एसईबीएस होतं, उष्णतेला एकदम दणकट पण महाग. पार्शलमध्ये मुख्यतः साखळीच्या बाजूला लोंबणारे, जास्त चिडके बाँड भरतात आणि साखळीतले बरेचसे तसेच ठेवतात. म्हणजे टिकाऊपणा वाढतो आणि किंमत एसईबीएसइतकी चढत नाही.

भावाच्या कामात तर उरलेले बाँड हवेतच. डांबरातही हेच पॉलिमर मिसळतात, ते नीट बांधून राहावं म्हणून थोडं गंधक घालतात आणि ते याच बाँडना धरतं, एसईबीएसमध्ये त्याला धरायला काही उरतच नाही. गरम टाकीत माल दिवसेंदिवस उभा राहत असेल तर पार्शल ग्रेडचा विचार करावा, रोजचा माल रोज रस्त्यावर जात असेल तर साधा एसबीएस माझ्या मते पुरे. त्याला सेपरेशन टेस्टचा (पॉलिमर डांबरापासून वेगळं होतं का याचा) रिपोर्ट मागायला सांगा, नळीत 163 डिग्रीला 48 तास ठेवून वरच्या आणि खालच्या भागाचा सॉफ्टनिंग पॉइंट (मऊ व्हायचं तापमान) बघतात. आणि खड्डे पाणी तुंबून पडत असतील तर हा सगळा खर्च वाया, आधी गटार करा म्हणावं.

तुम्ही मात्र ऑर्डर द्यायच्या आधी दोन्ही ग्लू एकाच ओव्हनमध्ये 170 डिग्रीला दिवसभर उघडे ठेवा, आधीची आणि नंतरची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) मोजा, रंग बघा. सप्लायरला खात्री असेल तर ही टेस्ट तो स्वतःच्या खर्चाने करून देईल.