परदेशातून जुनं सेस्ना १७२ आणून भारतात स्वतःच्या नावावर नोंदवायचं, तर क्रम काय आणि कुठे अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत एक चार आसनी सेस्ना १७२एस पाहून ठेवलंय, ते महाराष्ट्रात आणून फक्त स्वतःसाठी उडवायचंय, भाड्याने द्यायचं नाही. डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, नोंदणी कशी करायची?

पैसे अजून दिले नसतील तर थांबा. विमान घेतल्यावर नोंदणीला लागू असं बहुतेक जण धरून चालतात आणि तिथेच फसतात. नोंदणीला लागणारे निम्मे कागद विकणाऱ्याकडून मिळतात, आणि सगळी रक्कम हातात पडल्यावर तो तुमच्या मेलला उत्तर देईलच असं नाही. मी हेच कागद तपासण्याचं काम करतो, म्हणून ज्या क्रमाने ते लागतात त्याच क्रमाने सांगतो.

गाडीचं आरसी बुक आलं की गाडी रस्त्यावर आणता येते. विमानाचं तसं नाही. नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे सी ऑफ आर, एवढंच सांगतं की हे विमान भारताचं आणि अमुक मालकाचं. ते उडायला योग्य आहे हे सांगणारं सी ऑफ ए वेगळं, आणि ती योग्यता आजही टिकून आहे हे सांगणारं एआरसी, म्हणजे एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट, तिसरं. सी ऑफ ए एकदा मिळालं की एआरसी चालू असेपर्यंत चालतं. एआरसी मात्र दर वर्षी लागतं. शिवाय रेडिओचा परवाना आणि विमा. यातलं एकही कमी असेल तर विमान हँगरमध्येच.

कायद्याची चौकट अशी: १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या एअरक्राफ्ट अॅक्टऐवजी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाला. नोंदणीचे नियम एअरक्राफ्ट रूल्स १९३७ च्या चौथ्या भागात, नियम ३० पासून पुढे आहेत. रोजच्या कामात लागते ती कार्यपद्धती डीजीसीएच्या सीएआर, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियमावलीच्या, सेक्शन २, सिरीज एफ, पार्ट १ मध्ये आहे. कन्सल्टंटला फोन करण्याआधी हा पार्ट १ स्वतः वाचा. फार मोठा नाही, आणि तुमच्याकडे कोणते कागद नाहीत ते वाचतानाच कळतं.

पहिला निर्णय नावाचा. विमान तुमच्या नावावर की कंपनीच्या? कंपनी असेल तर मेमोरँडम आणि आर्टिकल्स, संचालकांची यादी त्यांच्या नागरिकत्वासह, बोर्डाचा ठराव आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लागतं. आधी स्वतःच्या नावावर घेऊन पुढे कंपनीकडे वळवू, असा विचार असेल तर आत्ताच सोडा. मालक बदलला की नवं सी ऑफ आर काढावं लागतं, म्हणजे सगळी कागदपत्रं पुन्हा.

दुसरा निर्णय वापराचा, आणि पैशांचा खरा फरक इथे पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटीचा दर ४० टक्के आहे, इतर विमानांवर ५ टक्के. आयातीत हीच रक्कम आयजीएसटी म्हणून बंदरावर भरावी लागते. हा फरक पाहून कोणीतरी सल्ला देतोच, चार्टरच्या, म्हणजे भाड्याने द्यायच्या, नावाने आणा आणि स्वतः उडवा. हे करू नका. चार्टरसाठी नॉन-शेड्युल्ड परमिट लागतं, त्यासाठी संस्था उभी करावी लागते, आणि सवलतीच्या दराने आणलेलं विमान खासगी कामाला वापरलं म्हणून कस्टम्सने वर्षांनंतर मागणी काढल्याची प्रकरणं न्यायाधिकरणापर्यंत गेली आहेत. उलट बाजूही लक्षात असू द्या. खासगी म्हणून नोंदवलेल्या विमानात पैसे घेऊन कोणालाही नेता येत नाही.

आता विमान आणता येईल का, ते. डीजीसीए आधी प्रकार पाहते: त्या मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्याच्या रचनेची मंजुरी, भारतात मान्य आहे का? १७२ बाबत अडचण नाही, इथल्या फ्लाइंग क्लबांमध्ये ती भरपूर आहेत. पण अमेरिकेत एक्सपेरिमेंटल वर्गात नोंदलेलं, किटवरून घरी बांधलेलं विमान स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका. त्याला टाइप सर्टिफिकेटच नसतं, त्यामुळे नेहमीचं सी ऑफ ए मिळत नाही. कांदिवलीत घराच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाला डीजीसीएची नोंदणी मिळायला २०१७ साल उजाडलं, आणि त्याआधी किती वर्षं गेली हे महाराष्ट्राने पाहिलंय. जुन्या विमानाचं वयही पाहतात. १७२ प्रेशराइज्ड नाही, म्हणजे तिच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला नसतो; अशा विमानाचा निर्णय त्याचं रेकॉर्ड तपासून, केस पाहून होतो. म्हणून आयातीची परवानगी हातात आल्याशिवाय अॅडव्हान्सपलीकडे रक्कम देऊ नका, आणि तोही एस्क्रोमध्येच, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत त्रयस्थाकडे, ठेवा.

विमान पाहायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला इंजिनाआधी डेटा प्लेटचा फोटो काढायला सांगा. फ्यूजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, रिवेट केलेली ती छोटी धातूची पट्टी. तिच्यावरचा सिरीयल नंबर एका कागदावर उतरवा आणि मग बिल ऑफ सेल, अमेरिकेचं नोंदणी प्रमाणपत्र, एअरफ्रेम लॉगबुक, एक्स्पोर्ट सी ऑफ ए (निर्यातीसाठीचं योग्यता प्रमाणपत्र) आणि इनव्हॉइस यांच्याशी अक्षरागणिक ताडा. १७२एस चे सिरीयल नंबर ‘१७२एस’ने सुरू होतात आणि पुढे अंक येतात. एखाद्या मेकॅनिकने लॉगबुकात नुसते अंकच लिहिलेले असतात, इनव्हॉइस करणाऱ्याने मध्ये डॅश टाकलेला असतो. माणसाला हे एकच वाटतं, पण फाइल तपासणाऱ्याला दोन वेगळे नंबर दिसतात आणि शेरा पडतो. मालकाच्या नावाचंही तेच. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आणि पॅनवर आडनाव आधी, अशी गत आपल्याकडे घरोघरी असते. एक स्पेलिंग ठरवा आणि बिल ऑफ सेलपासून विम्यापर्यंत तेच वापरा.

त्याच सुमारास अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या, म्हणजे एफएएच्या, ओक्लाहोमा सिटीतल्या रजिस्ट्रीकडून दोन गोष्टी मागवा. एक, टायटल सर्च: विमानावर कुणाचं कर्ज नोंदलेलं आहे का. दुसरी, विमानाच्या नोंदणीच्या आणि एअरवर्दिनेसच्या जुन्या रेकॉर्डची प्रत. तिच्यात आजवर झालेल्या मोठ्या दुरुस्त्यांचे आणि बदलांचे फॉर्म ३३७ असतात. लॉगबुकात नसलेला अपघात इथे बऱ्याचदा सापडतो.

शिकागो कराराचं कलम १८ सांगतं की एका विमानाची वैध नोंदणी एका वेळी एकाच देशात असू शकते. म्हणून अमेरिकेची नोंदणी रद्द झाल्याशिवाय आपली होत नाही. पण रद्द कधी करायची, इथे क्रम चुकतो. अमेरिकेची नोंदणी गेली की तिथलं सी ऑफ ए सुद्धा जातं, आणि मग एक्स्पोर्ट सी ऑफ ए काढणं कठीण होऊन बसतं. म्हणून आधी तपासणी, मग एक्स्पोर्ट सी ऑफ ए, आणि त्यानंतर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज. त्या अर्जात कोणत्या देशात निर्यात होणार ते लिहावं लागतं आणि नोंदलेलं कर्ज आधी मिटलेलं असावं लागतं. रद्द झाल्याची सूचना एफएए थेट डीजीसीएला पाठवते, तरी तिची प्रत तुमच्या फाइलमध्ये ठेवा. कोरं करकरीत विमान कारखान्यातून घेत असाल तर याऐवजी ‘याआधी कुठेही नोंदलेलं नाही’ असं प्रमाणपत्र लागतं.

१७२ बहुधा पंख उतरवून ४० फुटी कंटेनरमध्ये न्हावा शेव्याला येतं. उडवत आणायचं असेल तर क्रम बदलतो: आधी व्हीटी चिन्ह (भारतीय नोंदणीचा क्रमांक), मग फेरी फ्लाइटची, म्हणजे विमान नुसतं इथवर आणण्याच्या उड्डाणाची, परवानगी, मग उड्डाण. नोंदणी रद्द झालेलं विमान कोणत्याच देशाचं नसतं आणि ते एक मैलही उडवता येत नाही.

अर्ज सीए-२८ या फॉर्मवर, डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवरून करायचा. शुल्क विमानाच्या कमाल वजनावर ठरतं. १७२एस साठी ते वजन २,५५० पौंड, म्हणजे सुमारे १,१५७ किलो. सोबत बिल ऑफ सेल, इनव्हॉइस, आयातीची परवानगी, कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री, जुनी नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा, तुमची ओळख आणि नागरिकत्वाचे कागद. बँकेचं कर्ज असेल तर तारणाची नोंद सी ऑफ आरवर येते, त्यासाठी बँकेचं पत्र आधीच घेऊन ठेवा. केप टाउन कराराखालचं आयडेरा, म्हणजे कर्ज थकलं तर विमानाची नोंदणी रद्द करून ते परदेशी नेण्याचा धनकोला दिलेला अधिकार, काढा असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. तो करार चालक दलासह किमान ८ माणसांच्या विमानांना लागू होतो. चार आसनी १७२ त्यात बसत नाही.

चिन्ह मिळतं व्हीटी, डॅश आणि तीन अक्षरं. क्यूने सुरू होणारी तीन अक्षरं आणि एसओएस, पॅन असे संकटाचे संकेत मिळत नाहीत. आवडीची अक्षरं हवी असतील तर वेगळं शुल्क भरून आधी मागता येतात. आता रंगकाम. अमेरिकेत पंखाखाली क्रमांक लागत नाही, म्हणून इथला पेंटर फक्त बाजूचा एन-नंबर (अमेरिकेचा नोंदणी क्रमांक) खोडून व्हीटी लिहितो आणि काम झालं म्हणतो. आपल्याकडे डाव्या पंखाच्या खालच्या बाजूलाही चिन्ह लागतं, आणि तिथे अक्षराची उंची किमान ५० सेंटिमीटर. फ्यूजलाजवर दोन्ही बाजूंना किमान ३० सेंटिमीटर. अक्षराची रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश, रेषेची जाडी उंचीच्या एक षष्ठांश, अक्षरं साधी, नक्षी नको, आणि मागच्या रंगावर ठळक दिसणारी. याशिवाय चिन्ह कोरलेली, आगीत न वितळणारी धातूची पट्टी मुख्य दाराजवळ बसवायची. अॅल्युमिनियमची चालत नाही, स्टेनलेस स्टीलची करून घ्या.

चिन्ह बदललं की विमानातल्या दोन यंत्रांमधले कोडही बदलावे लागतात, आणि रंगाच्या गडबडीत हे हमखास राहतं. मोड एस ट्रान्सपॉन्डरमध्ये, म्हणजे रडारला विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रात, २४ बिटांचा पत्ता असतो. अमेरिकेचे पत्ते ‘ए’ने सुरू होतात, भारताचे ८० ते ८३ या आकड्यांनी. जुना पत्ता राहिला तर एटीसीच्या, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, पडद्यावर तुमचं विमान अमेरिकन दिसतं. ४०६ मेगाहर्ट्झच्या ईएलटीचं, म्हणजे अपघातात आपोआप संकटाचा संदेश पाठवणाऱ्या बीकनचं, त्याहून गंभीर आहे. त्याच्या संदेशात देशाचा कोड असतो, भारताचा ४१९. तो नव्याने भरला नाही तर अपघात झाल्यावर संकटाचा इशारा जुन्या देशाच्या, जुन्या मालकाच्या नावाने जातो आणि शोधात मोलाचा वेळ वाया जातो. कोड भरून घ्या, टेस्टरवर वाचून त्याचा प्रिंट फाइलला लावा आणि बेंगळुरूच्या इंडियन मिशन कंट्रोल सेंटरकडे बीकनची नोंद करा. ही नोंद मी स्वतः पाहिल्याशिवाय कुणालाही पहिल्या उड्डाणाला होकार देत नाही.

सी ऑफ एसाठी विमान जोडून, वजन करून, वेट शेड्यूल तयार करून डीजीसीएच्या मुंबई कार्यालयाच्या अधिकाऱ्यांना दाखवायचं. शेरे बहुतेक कागदांवरच पडतात. एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची (एडी, म्हणजे सुरक्षेसाठी सक्तीने करायच्या कामांचे आदेश) यादी ‘सर्व पूर्ण’ एवढ्यावर चालत नाही. प्रत्येक एडीसमोर तारीख, तास, पद्धत आणि सही हवी. एसटीसीखाली, म्हणजे मूळ रचनेत बदल करण्याच्या वेगळ्या मंजुरीखाली, काही बसवलेलं असेल, समजा नवं ऑटोपायलट, तर त्या एसटीसीला डीजीसीएची मान्यता आहे का ते पाहा. बदललेल्या सुट्या भागांचे ८१३०-३ टॅग, म्हणजे भाग वापरायला योग्य असल्याचे एफएएच्या नमुन्यातले दाखले, मागा. ते नसतील तर चांगला चालणारा भागही काढून टाकायची वेळ येते. इंजिनाचा ओव्हरहॉल, म्हणजे पूर्ण उघडून केलेली दुरुस्ती, २,००० तास किंवा १२ वर्षं, यातलं जे आधी येईल त्यावर ठरतो. अमेरिकेत खासगी मालकाला वर्षांची मर्यादा सहसा बंधनकारक नसते. त्यामुळे ‘फक्त ९०० तास’ अशी जाहिरात असलेलं इंजिन १८ वर्षांचं निघतं, आणि इथे आल्यावर ओव्हरहॉलचा प्रश्न उभा राहतो. किंमत ठरवताना हे धरा.

रेडिओसाठीचा एअरोनॉटिकल मोबाइल लायसन्स दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगकडून, सरल संचार पोर्टलवरून मिळतो. त्यात चिन्ह लागतं, म्हणून चिन्ह राखून ठेवल्याबरोबर अर्ज टाका. शेवटी टाकाल तर बाकी सगळं तयार असताना विमान केवळ यासाठी उभं राहील.

वेळ विचाराल तर विमान पसंत केल्यापासून पहिल्या उड्डाणापर्यंत आठ महिने ते वर्ष धरा, आणि त्या काळातलं हँगरचं भाडं आधीच हिशेबात घ्या. नाशिक, धुळे, बारामती, जुहू यांपैकी कुठे ठेवणार ते लेखी ठरवून घ्या. १७२ ला अॅव्हगॅस १००एलएल हे विमानाचं पेट्रोल लागतं आणि ते प्रत्येक धावपट्टीवर मिळत नाही, ही चौकशी विमान घेण्याआधीची आहे.

नोंदणी झाल्यावर पत्ता बदलला, विमान विकलं किंवा निकामी झालं, तर डीजीसीएला लगेच कळवणं मालकाचं काम आहे. विकताना मूळ सी ऑफ आर परत करून नव्या मालकाची नोंदणी सुरू झाली की त्याची पोच मागून घ्या. तोवर रजिस्टरवर मालक तुम्हीच असता, आणि त्या विमानाबद्दलची पहिली नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते.