एकट्याने शिकता येत नाही, ते आता घे

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला. प्रॅक्टिकलची तीन जर्नलं अपुरी, दोन आयएसए म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत परीक्षा उरलेल्या, सेमिनारची तयारी अर्धवट, आणि त्यात पाचव्या सेमिस्टरचे पेपर निवडायचा फॉर्म सोमवारच्या आत भरायचा. जर्नलांबद्दल मी काही सांगत नाही. ती तू पुरी करशील, एप्रिलात सगळीच मुलं करतात. पण "टॅक्सॉनॉमी आवडते, मॅडम, पण पर्यावरण व्यवस्थापन सेफ आहे" हे तू लिहिलंस, आणि त्यावर मला गप्प बसवेना.

टॅक्सॉनॉमी म्हणजे वनस्पती ओळखून त्यांना नेमकं नाव देण्याची विद्या, आणि तिच्याबद्दल माझं म्हणणं एकच आहे. जे एकट्याने शिकता येत नाही, ते कॉलेजात असताना घ्यायचं. बाकीचं पळून जात नाही.

पर्यावरण व्यवस्थापनाचा पेपर वाईट आहे असं मी म्हणत नाही. कायदे, व्याख्या, तक्ते, मंजुरीच्या पायऱ्या. हे सगळं तू म्हापसा-पेडणे बसमध्ये बसून वाचू शकतेस, आणि तिशीत गेल्यावरही वाचू शकशील. गेंदाचं रोप मात्र बसमध्ये बसून ओळखता येत नाही. पावसात सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, त्याचे पांढरे गोंडे डुलतात ते तू लहानपणापासून बघतेस. उभ्याने पाहिलं तर सगळे सारखेच. एक उपटायचा, मुळाची माती धुवायची, काचेवर पाण्याच्या थेंबात त्याचं बोंड सुईने उकलायचं. आत दाटीने बसलेली फुलं, नर वेगळी, मादी वेगळी, खसखशीच्या दाण्याएवढी. परागकोश काळे की पांढरे, फुलाचे भाग तीन-तीन की दोन-दोन, बीच्या कवचावर नक्षी कसली, यावर जात ठरते. पहिल्यांदा तुला काहीच दिसणार नाही. दुसऱ्यांदा जे दिसेल ते चुकीचं असेल. तेव्हा कुणीतरी शेजारून वाकून सुई हातात घ्यावी लागते आणि सांगावं लागतं, "हे फूल नव्हे, हे सहपत्र, फुलाजवळचं पान. आणखी आत जा." हे सांगणारं माणूस फोनमध्ये नाही. तुझ्या कॉलेजात आज आहे.

आणि वेळ बघ कशी जुळून आलीय. पाचवं सेमिस्टर जूनमध्ये सुरू होतं. सड्यावरची दवबिंदू, सीतेची आसवं, कवला, गेंद ही सगळी रोपं जून ते ऑक्टोबर याच काळात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचं 30. ते 30 तास सूक्ष्मदर्शकासमोर, फुलं ताजी असताना आणि जाणकार शेजारी उभा असताना तुला पुन्हा कुठे मिळणार आहेत? सहाव्या सेमिस्टरला सडा करपून गेलेला असतो.

आता तुझ्या टक्क्यांचं. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरांत 75 टक्के लागतात, आणि टॅक्सॉनॉमीत मार्क हात आखडून देतात, ही तुझी भीती. भीती खोटी नाही, मी ती उडवून लावत नाही. पण संशोधन करायला मिळावं म्हणून ज्यात संशोधन करायचं तोच विषय सोडायचा, हा हिशेब मला कळत नाही बाय. चौथ्या वर्षात गेल्यावर करणार काय? प्रश्नावल्या वाटणार? गुण इतर पेपरांत भरून काढ. तिथे नोट्स तयार मिळतात, असं तूच लिहिलंयस ना.

माझा हट्ट म्हणशील तर हट्टच आहे. विभागात मला दर वर्षी ऐकवायचे की तुमच्या फील्डमुळे मुलं दुसरा पेपर घेतात, जरा सोपं करा. मी केलं नाही. वर्गात मोजकी मुलं उरली तरी शनिवारचा सडा मी सोडला नाही आणि हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवून चिकटवलेल्या नमुन्यांच्या, शीटवरचं चुकीचं नाव कधी चालवून घेतलं नाही. ते बरोबरच होतं असं मी आजही म्हणते. त्यातल्या काही मुलांना नुसतं पान चुरगळून त्याचं कूळ सांगता येतं, आणि ती कुठेही गेली तरी ते त्यांच्याकडून कुणी काढून घेणार नाही. हळहळ मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. माझ्या वेळी शैवाक म्हणजे लायकेन शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं. पुढे पुस्तकं आणली, रसायनाचे थेंब टाकून रंग बदलतो का ते तपासलं, पण आपण बघतोय ते बरोबर की चूक, हे सांगणारं कुणी नव्हतं. आजही आंब्याच्या खोडावरचं शैवाक दिसलं की मी नाव न घेता पुढे जाते.

तू पेडण्याची. मोपाचा सडा तू विमानतळाच्या आधीही पाहिलायस. त्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी सुप्रीम कोर्टाने मार्च 2019 मध्ये स्थगित केली आणि जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठवली. आसपासच्या जंगलांची माहिती अर्जात नीट दिली नव्हती, हा त्यातला मोठा मुद्दा होता. असा अहवाल वाचून त्यातला कायदा समजावणारे पुष्कळ मिळतात. जागेवर जाऊन वाकून, काय उगवलंय ते खात्रीने सांगणारं माणूस शोधावं लागतं. सडा म्हणजे नुसता कातळ, तिथे काय उगवतं, असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला नावं लागतात, बाय. नुसती कळकळ तिथे पुरत नाही.

एक अट मात्र घालते. सोमवारच्या आधी तो पेपर कोण घेतंय ते विचार. मुलांना बाहेर नेतात का, प्रत्येकीला स्वतःचं स्पेसिमेन देतात का, शीट तपासून परत करतात का. सेमिस्टरभर नुसत्या स्लाइड्स दाखवणार असतील, तर माझं सगळं म्हणणं मागे घेते. स्लाइड्स घरी बसूनही बघता येतात. तसं असेल तर ज्या पेपरात कुणी तुझ्या हातातली सुई घेऊन दाखवणार आहे, तो घे, मग त्याचं नाव काहीही असो.

दादाला सांग की सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास पदवीनंतरही करता येतो. त्याला पटलं नाही तर माझा नंबर दे.

आणि घरची वर्तमानपत्रं रद्दीत देऊ नकोस. जुलैत झाडं दाबून वाळवायच्या प्रेसमधले कागद रोज बदलावे लागतील, नाहीतर बुरशी धरते.

तुझी मॅडम