जिवाणूंच्या वर्गीकरणात करिअर होते का?

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपली कन्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आतड्यातील जिवाणूंचे वर्गीकरण व नामकरण याच विषयात पुढे जायचे म्हणते, असे आपण लिहिले आहे. नावे देऊन पोट कसे भरणार, असा घोर आपल्या यजमानांना लागला आहे; आणि घरी आणलेल्या प्रोबायोटिकच्या (पोटाला उपकारक जिवंत जिवाणूंच्या) पाकिटावर जिवाणूचे नाव पूर्वीपेक्षा निराळे दिसल्यामुळे, बदलत्या नावांचा अभ्यास काय कामाचा, असे आपणही विचारले आहे.

आधी पाकिटावरच्या नावाविषयी. अशा पाकिटांवर पुष्कळदा दिसणारी लॅक्टोबॅसिलस ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने 1901 मध्ये मांडली. त्या काळी जिवाणूचा आकार, तो कोणती शर्करा आंबवतो, कोणत्या तापमानाला वाढतो, एवढ्याच लक्षणांवर वर्गीकरण होत असे. त्यामुळे एकमेकांशी दूरचे नाते असलेले जिवाणूही एकाच नावाखाली जमा होत गेले आणि 2020 पर्यंत या एका प्रजातीत 261 जाती झाल्या. त्या वर्षी संपूर्ण जीनोमची (जिवाणूच्या सगळ्या जनुकीय माहितीची) तुलना करून संशोधकांनी तिच्यातून 23 नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या. र्‍हॅम्नोसस ही जाती लॅक्टिकेसिबॅसिलसमध्ये गेली, प्लांटारम लॅक्टिप्लांटिबॅसिलसमध्ये गेली, तर दह्यातला बल्गेरिकस जुन्याच प्रजातीत राहिला. नवी नावे मुद्दाम ‘एल’ या अक्षरानेच सुरू होणारी निवडली, म्हणजे डॉक्टरांच्या आणि उत्पादकांच्या सवयीचे ‘एल. र्‍हॅम्नोसस’ असे संक्षिप्त रूप मोडणार नाही. असे बदल लहर म्हणून होत नाहीत. नाते नीट कळले, की एका जातीबद्दल माहीत असलेल्या गोष्टींवरून तिच्या जवळच्या जातीबद्दल अंदाज बांधता येतो, आणि औषध किंवा अन्न म्हणून जिवाणू पोटात घ्यायचा असेल तेव्हा हा अंदाज फार मोलाचा असतो.

हे काम आपल्याकडेही उत्तम होते. पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रातील संशोधकांनी लोणार सरोवरातून मिळालेल्या एका जिवाणूच्या निमित्ताने 2021 मध्ये एका मोठ्या प्रजातीची फेरमांडणी केली. तीत निघालेल्या एका नव्या प्रजातीला ज्येष्ठ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ शौचेला हे नाव मिळाले, आणि जुलाबावर डॉक्टर देतात तो बॅसिलस क्लॉसी आता शौचेला क्लॉसी झाला. आपल्या कन्येने हा शोधनिबंध मुळातून वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मात्र या कामातले कष्ट तिने आधी पाहावेत. आतड्यातील बहुतेक जिवाणूंना हवेतला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून ऑक्सिजनमुक्त पेटीत, बाहेरून जाड हातमोज्यांत हात घालून तासन्‌तास काम करावे लागते. जिवाणू ज्यात वाढवतात त्या पोषक माध्यमात रिझाझुरिन नावाचे रंगद्रव्य घातलेले असते. थोडा जरी ऑक्सिजन शिरला तरी नळी गुलाबी होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. जिवाणू वाढलाच, तर त्याच्या 16एस जनुकाची (सर्व जिवाणूंत असणाऱ्या, ओळख पटवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाची) ज्ञात जातींशी तुलना करायची, साम्य 98.7 टक्क्यांच्या खाली आले तर ती नवी जाती असण्याचा संभव असतो, पण तेवढ्यावर भागत नाही आणि पूर्ण जीनोम पाहावाच लागतो. शिवाय नाव अधिकृत होण्यासाठी तो जिवाणू दोन वेगवेगळ्या देशांतील जिवाणू-संग्रहांत (जिवाणू जपून ठेवणाऱ्या संस्थांत) जिवंत स्वरूपात जमा करावा लागतो.

यजमानांची काळजी रास्त आहे. निव्वळ नामकरणाच्या जागा देशभरात फार थोड्या आहेत, आणि पुणे व चंडीगढ येथील संग्रहांवरच सगळी मदार ठेवू नये. परंतु हे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला अचूक ओळख पटवता येते, आणि तिची गरज प्रोबायोटिक उत्पादकांच्या गुणवत्ता विभागात, रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत, जीनोम वाचणाऱ्या कंपन्यांत आणि आपल्या शेजारच्या आणंदच्या दुग्धव्यवसायातही असते. पैशांचे म्हणाल, तर एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये अशी शिष्यवृत्ती असते, म्हणजे पीएच.डी.चा भार घरावर पडत नाही. ही परीक्षा कठीण आहे, हे मात्र गृहीत धरावे.

माझा सल्ला असा की तिला अडवू नये, पण एक अट घालावी. तिने प्रयोगशाळेतल्या हातकामाबरोबर संगणकावरील जीनोम-विश्लेषणही मनापासून शिकावे. लिनक्स ही संगणकप्रणाली आणि पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा यांची सुरुवात आजच, पदवीच्या अभ्यासासोबत करावी. ज्याला दोन्ही येते त्याला काम मिळते, आणि केवळ एकच येणाऱ्याची स्थिती मला फारशी आशादायक दिसत नाही. एम.एस्सी.साठी आपल्याच विद्यापीठातील विभागाबरोबर गॅट-बी ही जैवतंत्रज्ञानाची राष्ट्रीय प्रवेश परीक्षाही द्यावी, कारण तिच्या गुणांवर देशातील अनेक विद्यापीठांच्या जैवतंत्रज्ञान अभ्यासक्रमांचे दरवाजे उघडतात. परीक्षा संपल्यावरच्या सुटीत ऑक्सिजनमुक्त संवर्धन चालते अशा एखाद्या प्रयोगशाळेत तिने दीड-दोन महिने काम करावे. त्यासाठीची पत्रे आतापासून पाठवावीत, आणि प्रत्येक पत्रात त्या प्रयोगशाळेचा कोणता शोधनिबंध वाचला व त्यातले काय शिकायचे आहे, हे नेमकेपणाने लिहावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक